मुष्टियोद्ध्याचा ग्रिल, ताईंची थालीपिठं

ज्या यंत्रावर आमच्या ताईंनी अमेरिकेत थालीपिठं लावली, ते यंत्र एका मुष्टियोद्ध्याच्या नावाने खपतं. जॉर्ज फोरमन त्याचं नाव. 1974 साली किन्शासाला महंमद अलीकडून मार खाल्लेला आणि 1994 साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, पुन्हा जगज्जेता झालेला. त्याच 1994 मध्ये हा ग्रिल बाजारात आला आणि ठोशांनी मिळवून दिला नसेल एवढा पैसा त्याने फोरमनला मिळवून दिला. 1999 मध्ये कंपनीने नुसतं नाव वापरण्याच्या हक्कापोटी पावणेचौदा कोटी डॉलर मोजले. फोरमनला पाच मुलगे आणि पाचांचंही नाव जॉर्जच. हे ऐकून ताई म्हणाल्या, "बरंय की. जेवायला बसा म्हणून एकदाच ओरडायचं."

यंत्राची खुबी अशी की खालची पाटी पुढच्या बाजूला उतरती असते. मांस भाजलं की चरबी वितळते, उतारावरून घरंगळते आणि समोरच्या छोट्या ट्रेमध्ये गळते. खाणाऱ्याच्या पोटात तेवढी कमी जाते. आम्ही पाचही जण शाकाहारी. आमच्यात चरबी असलीच तर ती बोलण्यात. पण यंत्राला ते कसं कळणार? ताई थालीपिठावर तूप सोडायच्या, तूप इमानेइतबारे ट्रेमध्ये जमायचं आणि नाना ट्रे उचलून ते पुन्हा थालीपिठावर ओतायचे. अमेरिकेने हृदयविकारावर काढलेला हा तोडगा आम्ही रोज संध्याकाळी असा हाणून पाडत होतो.

नाना म्हणजे माझे साडू, वीज मंडळातून निवृत्त झालेले. ताई म्हणजे माझी थोरली मेहुणी. त्यांचा मुलगा सॉल्ट लेक सिटीला असतो आणि त्याने आम्हा चौघांना यलोस्टोन दाखवायचा घाट घातला होता. खरं तर ताईंनी पुण्याहून आपला सँडविच टोस्टर सुटकेसमध्ये साड्यांच्या घडीत घालून आणला होता, पिना बदलणाऱ्या अडॅप्टरसकट. "पिन बदलली म्हणून व्होल्टेज बदलत नाही!" हे नाना निघण्याआधीपासून सांगत होते, पण नोकरीत असतानाही त्यांचं घरात कुणी ऐकलं नव्हतं. तिकडे वीज 120 व्होल्ट, आपल्याकडे 230. निम्म्या दाबावर निम्मं तरी भाजेल असं ताईंना वाटलं. पण उष्णता दाबाच्या वर्गाच्या हिशेबाने घटते. 750 वॉटचा टोस्टर तिथे जेमतेम दोनशे वॉटचा उरला. बऱ्याच वेळाने झाकण उघडलं तर ब्रेड नुकताच ताप उतरलेल्या माणसासारखा कोमट आणि घामेजलेला. भाचा काही न बोलता दुकानात गेला आणि मुष्टियोद्ध्याला घेऊन आला.

सॉल्ट लेक सिटीहून उत्तरेला निघालं की आयडाहो राज्य लागतं. या राज्यातल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'फेमस पोटॅटोज' असं छापलेलं असतं. आपल्याकडे प्रत्येक गाडीवर 'प्रसिद्ध कांदे' लिहायचं ठरवलं तर नाशिक आणि लासलगाव यांच्यात किती वर्षं खटला चालेल, याचा विचार मी गाडीत करत बसलो. वाटेत ब्लॅकफूट गावी रेल्वेच्या जुन्या स्टेशनात बटाट्याचं संग्रहालय आहे. नानांनी ते बटाट्याच्या भाजीला द्यावं तेवढंच महत्त्व देऊन पाहिलं. ताईंनी मात्र पुढच्या गावात थांबून बटाटे घेतले. तिथला रसेट जातीचा बटाटा हातभर नसला तरी वीतभर असतोच. काप केले तर दोन बटाट्यांत पाच माणसांचं भागतं. हळद, तिखट, मीठ लावून, रव्यात घोळवून ते ग्रिलमध्ये ठेवले की दोन्ही बाजूंनी एकदमच खरपूस होतात. या यंत्रावर सगळ्यांत उत्तम काय होतं असं विचाराल, तर माझं मत या कापांना.

मुक्काम वेस्ट यलोस्टोन गावात होता. मॉटेलचे मालक नवसारीकडचे निघाले. खोलीत मायक्रोवेव्ह होता, पण 'खोलीत स्वयंपाक करू नये' अशी पाटीही होती. भाचा ग्रिल बगलेत मारून परवानगी काढायला गेला. मालकांनी त्याच्याकडे आणि मागे उभ्या असलेल्या ताईंकडे पाहिलं. "रूम में नहीं, बेन. पीछे टेबल है, प्लग भी है. लेकिन बाद में कुछ भी बाहर मत छोड़ना. भालू आता है."

जूनमध्ये तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे मागचं लाकडी टेबल हेच आमचं माजघर झालं. पहिल्या दिवशी बायकोने खोलीतल्या मायक्रोवेव्हमध्ये भात लावला. तो बाहेरून लगदा आणि आतून कणी असा निघाला. गाव समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरवर असल्यामुळे पाणी 93 अंशांच्या आसपासच उकळतं आणि मग कितीही आच द्या, त्याच्या वर जात नाही. कुकर असता तर गोष्ट वेगळी. ग्रिलच्या पाट्यांना मात्र उंचीशी देणंघेणं नसतं. त्या पाण्याच्या भरवशावर नसतात. हे नानांनी समजावून सांगितलं आणि त्या भातानंतर पहिल्यांदाच ताईंनी त्यांचं पूर्ण ऐकून घेतलं.

थालीपिठाचं तंत्र मात्र ताईंनी स्वतःच बसवलं. ओल्या रुमालावर भाजणीचा गोळा थापायचा, बोटाने भोकं पाडायची, रुमाल उलटा करून थालीपीठ तापल्या पाटीवर टाकायचं आणि कोपरा धरून रुमाल अलगद सोडवायचा. इथवर आपल्या तव्यासारखंच. पण झाकण लावलं की वरची पाटी आपल्या वजनाने बसते, भोकं बुजतात आणि पीठ कडेने बाहेर येतं. पहिलं थालीपीठ अंगावर रेघा उमटलेल्या पुठ्ठ्यासारखं निघालं. मग ताईंनी लाकडी चमच्याचा दांडा दोन पाट्यांच्या मध्ये आडवा घातला. वरची पाटी अधांतरी राहिली, भोकं शाबूत राहिली, त्यांत तूप बसलं आणि चार-पाच मिनिटांत न उलथता थालीपीठ तयार.

चहाची तल्लफ मध्येच येते. बायकोने त्याच प्लगवर किटली लावली आणि मॉटेलच्या मागचे दिवे गेले. पंधरा अँपियर गुणिले 120 व्होल्ट म्हणजे 1800 वॉट. किटली एकटीच पंधराशेची. नानांचा चेहरा उजळला. निवृत्तीनंतर प्रथमच त्यांच्या कार्यक्षेत्रात काहीतरी ट्रिप झालं होतं. मालकांकडून बटण वर करून घेऊन त्यांनी तिथल्या तिथे भारनियमन जाहीर केलं: साडेसात ते आठ ग्रिल, त्यानंतर किटली. उन्हाळ्याच्या सुट्टीला आलेल्या माणसांना अमेरिकेत भारनियमन भोगायला लागलं, ते आम्हालाच.

शेजारच्या टेबलावर टेक्सासचे एक आजोबा होते. ट्रेमधलं तूप परत ओतताना पाहून ते न राहवून उठून आले आणि तो ट्रे फेकून द्यायच्या चरबीसाठी असतो, असं त्यांनी अदबीने सांगितलं. नाना म्हणाले, "सांग रे त्यांना, हे फेकलं तर तुझी आई मला फेकेल." भाच्याने काय भाषांतर केलं कोण जाणे, आजोबांनी अर्धं थालीपीठ मागून घेतलं.

अस्वलांचं प्रकरण थट्टेचं नाही. गावातल्या एका केंद्रात बंदिस्त ग्रिझली अस्वलांना कचऱ्याचे डबे आणि खाद्यपेट्या देतात. तासभर धसमुसळेपणा सोसून जी पेटी उघडत नाही, ती पास. ताईंनी भाजणीच्या स्टीलच्या डब्याचा विषय काढला. नानांचं म्हणणं, तो त्यांनाच चाळीस वर्षांत उघडता आलेला नाही, अस्वलाची काय कथा.

दुसऱ्या दिवशी गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी उभे राहून नाना म्हणाले, "एवढं उकळतं पाणी फुकट चाललंय." भाच्याने त्यांना तिथून हलवलं. 2020 च्या ऑगस्टमध्ये काही जणांनी दोन अख्ख्या कोंबड्या गोणपाटात घालून इथल्या एका झऱ्यात शिजायला सोडल्या होत्या. त्यांच्यावर खटला झाला आणि उद्यानात यायची बंदीही आली.

ग्रिल पुसण्याचं काम नानांकडे आणि माझ्याकडे. हे यंत्र पाण्यात बुडवता येत नाही. गार झालं की चिकटलेली भाजणी हटत नाही आणि गरम असताना हात भाजतात. त्या मधल्या दोन-तीन मिनिटांत ओला कागद बोटाला गुंडाळून एकेक खाच कोरायची. तेव्हा प्रवासासाठी असा ग्रिल घेणार असाल तर जरूर घ्या, बाहेरच्या सँडविचांपेक्षा कितीतरी बरं जेवाल. पण पाट्या सुट्या होऊन धुता येतील असाच घ्या. थोडे डॉलर जास्त पडतात, ते बेलाशक द्या.