राखीव बेकारी

नोकरी गेल्यावरही सरकारकडून पैसे मिळतात, हे ऐकून आमच्या सोसायटीत जास्त हळहळले ते नोकरी टिकलेले लोक. भोसरीतल्या एका वर्कशॉपने आमच्या शेजाऱ्यांना कामावरून कमी केलं, तेव्हा सांत्वनाला आलेल्या एका गृहस्थांच्या तोंडून "म्हणजे तीन महिने मजा आहे" असं निघूनही गेलं.

मजा अशी, की पगार एकवीस हजारांच्या आत असावा, त्यातून ईएसआय विम्याचा हप्ता कापला गेलेला असावा, मग 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' लागू होते. २०१८ साली ती सुरू झाली तेव्हा सरासरी कमाईचा चौथा हिस्सा मिळे. कोरोनाच्या वर्षी तो वाढून कमाईच्या निम्मा झाला. मिळणार जास्तीत जास्त ९० दिवसांपुरता. गैरवर्तनाबद्दल काढलं असेल तर नाही, स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल तरी नाही. बेकारीसुद्धा चारित्र्यवान लागते! योजना दोन वर्षांच्या प्रयोगापुरती आली होती. मुदत संपत आली की वाढवून मिळते. म्हणजे तीही बिचारी कंत्राटावरच.

शेजारी आधार, पासबुक, सगळं घेऊन बसले आणि एका अटीपाशी अडले. ही मदत उभ्या आयुष्यात एकदाच.

"आत्ताच घेऊन टाकली, आणि पुढे याहून मोठी बेकारी आली तर?"

पाहुण्यांसाठी म्हणून माळ्यावर ठेवलेल्या डिनर सेटमध्ये पाहुणेही जेवत नाहीत, अशा घरांतली आपण माणसं. शेजाऱ्यांची चाळिशी नुकतीच उलटलेली, निवृत्तीला बराच अवकाश. एवढ्या पल्ल्यात आणखी दोन-तीन बेकाऱ्या सहज बसतात. त्यातली ऐन कोणती, हे आधी कसं कळावं? मीही उगाच हिशेब करू लागलो. मुलीच्या बारावीच्या वर्षी आली तर ती खरी वापरण्याजोगी, असं आमचं दोघांचं जवळजवळ ठरलंच होतं.

"अहो, ती येईल तेव्हा येईल," वहिनी आतून म्हणाल्या. "ही आलीय ना घरात? आणि दूधवाल्याला काय, तुमची राखीव बेकारी दाखवू?"

शेजारी दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन गेले. एक कागद कमी निघाला, तो आणला. एक सही राहिली, ती झाली. शेवटी खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "सध्या काय करता?"

"हेच," शेजारी म्हणाले.