बांधाबांध

मोटारसायकलवर सामान बांधणं आपल्याला उपजत येतं, असं प्रत्येक मराठी पुरुषाला वाटतं. पोहणं शिकावं लागतं, सायकल शिकावी लागते, पोळ्या तर लग्नानंतरही येत नाहीत. पण दोरी हातात आली की बांधता येतंच! या आत्मविश्वासाचे अवशेष मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला पडलेले असतात. कुठे एकच चप्पल, कुठे फाटका रेनकोट, कुठे ताणून ताणून जीव गेलेली बंजी दोरी, आकडा वर करून.

बॅगा विकत घेणं सोपं. दुकानातला मुलगा विचारतो, "गाडी कुठली, सर?" आपण ऐटीत मॉडेल सांगतो. तो निम्मं ऐकूनच म्हणतो, "टेन्शन नाही, युनिव्हर्सल आहे." म्हणजे कुठल्याच गाडीवर नीट बसत नाही. दोन खिशांची ही सॅडल बॅग सीटवरून आडवी टाकायची, एक खिसा इकडे, एक तिकडे, पट्टे सीटखालून घेऊन आवळायचे. दुकानात ती स्टूलवर टाकून दाखवतात. स्टूलला सायलेन्सर नसतो.

बहुतेक गाड्यांना तो उजवीकडे असतो. डाव्या बाजूला असतो साडी गार्ड. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकला पाहिजे, असा मोटार वाहन नियमच आहे. पण नव्या गाडीचा हार उतरायच्या आत आमच्याकडची तरुण मंडळी पहिलं काम कुठलं करत असतील, तर तो साडी गार्ड काढून टाकण्याचं. 'लूक' जातो म्हणे. पुढे सहलीची टूम निघते, बॅग चाकाकडे झुकायला लागते, आणि मग हेच वीर बाजारात जाऊन 'सॅडल स्टे' नावाची लोखंडी चौकट विकत आणतात. ती लावायची कुठे? जिथून साडी गार्ड काढला तिथेच. भंगारवाल्याला यातलं सगळं कळतं, पण तो बोलत नाही.

उजवीकडे मात्र चौकट हवीच. तिच्याशिवाय बॅग सायलेन्सरवर कशी विसावते, हे आमच्या एका मित्राच्या मागून आंबा घाट चढताना पाहिलं. आधी वास आला. वाटलं, वळणावर कुणीतरी वडे तळतंय. मित्रालाही तसंच वाटलं असावं, कारण त्यानं गाडी हळू केली. थांबून बघतो तर बॅगेचा तळ वितळून सायलेन्सरला चिकटलेला, आणि आतल्या टेरिकॉटच्या पँटीला बशीएवढं भोक. हॉटेलवर पोचल्यावर ती पँट त्यानं घालून बघितली. इतकं आशावादी मी अजून होऊ शकलेलो नाही.

वजनाचं शास्त्र तर सांगितलं तरी लोकांना पटत नाही. जड सामान खाली आणि शक्य तितकं पुढे, दोन्ही बाजूंना सारखं. हलकं ते वर आणि मागे. इतकंच. प्रत्यक्षात हत्यारं, पाण्याच्या बाटल्या, कुलूप-साखळी असं सगळं कण्हायला लावणारं सामान मागच्या टेल बॅगेत जातं, कारण तिची चेन सरळ उघडते. मागच्या आसाच्याही मागे वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं, आणि ताशी ऐंशीला हँडल पिंगा घालायला लागतं. मग चालक म्हणतो, "रस्ता खराब आहे."

नाणेघाटातून मीठ आणि धान्य वाहणाऱ्या लमाणांच्या बैलाला हे कळत होतं. गोणीचे दोन्ही खिसे सारखे भरले नाहीत, तर तो पहिल्याच चढावर थांबून मान वळवून बघे. मोटारसायकलला मान वळवता येत नाही, म्हणून ती वळणावर स्वतःच वळते.

या विषयातला खरा प्राध्यापक म्हणजे दूधवाला. 40 लिटरचा कॅन भरला की दुधासकट 40 किलोच्या वर जातो, आणि असे दोन कॅन दोन बाजूंना लटकवून हा माणूस चिखलाच्या रस्त्यावरून एका हातानं गाडी चालवतो. दुसऱ्या हातात मोबाइल असतो. त्याचं काम एकदा जवळून बघा. सीटवरून आडवा लोखंडी गज, त्याला दोन्हीकडे वेल्डिंग केलेले आकडे, कॅनची कडी आकड्यात, आणि कॅनच्या पोटाभोवती जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी दोनदा फिरवून टोक खाली खोचलेलं. गाठ नाही. आमच्याकडे येणारा तर एका घरी उजव्या कॅनमधून माप घालतो, पुढच्या घरी डाव्या. मला आधी वाटायचं, एकात पाणी जास्त असेल.

आपण मात्र बंजी दोरीवर विसंबतो. ती ताणते, म्हणूनच ती सैलावते. प्रत्येक गतिरोधकावर बॅग जरा उठून बसते. शिवाय ताण देताना आकडा सुटला तर सरळ डोळ्याकडे येतो. त्यापेक्षा बकलाचे रुंद, न ताणणारे पट्टे बरे. फक्त आवळून झाल्यावर उरलेलं लोंबतं टोक गुंडाळून खोचा. ते चेनमध्ये गेलं तर मागचं चाक जागच्या जागी अडकतं, आणि त्या क्षणी तुम्ही आडनावाचे कितीही मोठे असलात तरी उपयोग नसतो.

निघण्याची वेळ पहाटे पाचची ठेवायची, ती गारव्यासाठी नव्हे. सोसायटी झोपलेली असावी म्हणून. तरी तळमजल्यावरचे काका दात घासत बाहेर येतातच. तोंडात फेस असल्यामुळे ते बोटानं सूचना करतात. बोट टेल लॅम्पवर, मग नंबर प्लेटवर. बॅगेनं दोन्ही झाकलेत. काकांचं म्हणणं बरोबर असतं, हाच त्यांचा मोठा दुर्गुण. बॅग सोडून पुन्हा वर बांधावी लागते. मग काका चूळ भरून येतात आणि दोन्ही हातांनी बॅग गदागदा हलवतात. गाडी हलली पाहिजे, बॅग हलता कामा नये. आमच्या सोसायटीतून या परीक्षेशिवाय गाडी बाहेर पडत नाही.

यानंतर आई येते. हातात डबा. "लाडू आहेत, एवढ्यानं काय होतंय?" काय होतंय ते तिला माहीत नसतं. सगळे पट्टे आवळून झालेले असतात, मागच्या शॉकअब्सॉर्बरची कडी दोन खाचा पुढे सरकवलेली असते, हवा पुस्तकात दोन माणसांसाठी लिहिली आहे तेवढी भरलेली असते. या गणितात लाडू नव्हते. शेवटी डबा सौभाग्यवतींच्या मांडीवर जातो. पण त्याआधी सौभाग्यवती सीटवर जायला हव्यात. मागे छातीएवढी टेल बॅग, दोन्हीकडे खिसे. पाय टाकायचा कुठून? "अहो, मला कुठे बांधणार आहात?" हा प्रश्न दर सहलीला येतो आणि त्याला अजून सभ्य उत्तर सापडलेलं नाही. त्या डाव्या फुटरेस्टवर उभ्या राहून, माझ्या खांद्यावर सगळा भार देऊन चढतात. गाडी स्टँडवर नसते. तेव्हा गाडी, बॅगा, संसार असं सगळं माझ्या एका पायावर तोललेलं असतं.

पावसाबद्दल थोडक्यात: बॅगेबरोबर मिळणाऱ्या रेन कव्हरवर जीव टाकू नका. ते वाऱ्यानं फुगतं आणि ताम्हिणीत दरीचं दर्शन घ्यायला जातं. कपडे आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड पिळून बांधा, मग बॅगेत. बाहेरून भिजलं तर भिजू द्या.

आणि हे सगळं जातानाचं. येतानाचं शास्त्र निराळं आहे, किंबहुना नाहीच. कोकणातून निघताना कोकम आगळ, फणसपोळी, काजू आणि वर मावशीनं दिलेला न मावणारा फणस, यांच्यासाठी जगात कुणी बॅग शिवलेली नाही. फणस मांडीवर घेता येत नाही. आंब्याची पेटी टेल बॅगेच्या वर बांधून घाट चढवण्याचा विचार मनात आलाच, तर सरळ एसटी स्टँडवर जा, पार्सल करा आणि पावती जपून ठेवा. पेटी बहुतेक वेळा आपल्याआधी पोचते.