खोकत भेटायला आलेल्या पाव्हण्यास

रा. रा. पाव्हणे यांस,


विषय : आपण आमच्या आईला दवाखान्यात बघून गेल्याबद्दल.

नाव घालत नाही. गरजही नाही, कारण कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळ्यापासून चंदगडापर्यंत घरटी एक तरी पाव्हणा तुमच्यासारखा आहेच. मांडीचं हाड मोडून ऑपरेशन झालेली, साखरेचं दुखणं असलेली, सत्तरी उलटलेली बाई कॉटवर पडली आहे हे कळताच अंगात कणकण असताना, घसा बसलेला असताना, भर पावसात मोटारसायकल हाणत तुम्ही आलात. माया असावी तर अशी. एका पासावर एकच माणूस सोडतो म्हणणाऱ्या वॉचमनची तालीम आणि पेठ काढून, त्याला चुलत पाव्हणा करून, चौघांना घेऊन वर आलात. हे काम दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यातल्या माणसाला जमलं नसतं.

वॉर्डात शिरल्या शिरल्या तुम्ही तळहातात खोकलात. रुमाल खिशात होता. इस्त्रीची घडी मोडायला जिवावर आलं असणार. तोच हात कॉटच्या कठड्यावर टेकला. त्याच हातानं आईच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क ‘काढ की ह्ये जरा, बोलायचं कसं?’ म्हणत खाली ओढलात. त्याच हातानं मोसंबी सोलून फोड तिच्या तोंडात घातलीत. सिस्टर म्हणाल्या, ‘मास्क लावा, नाहीतर बाहेर थांबा.’ तुम्ही म्हणालात, ‘वातावरणच तसलं हाय, चालतंय की!’ मग कॉटवरच बूड टेकून उसाचं बिल, भावकीतला बांध आणि यंदाची पंचायत असा सगळा दौरा केलात. निघताना शेजारच्या कॉटवरच्या डायलिसिसच्या आजोबांचीही विचारपूस केलीत. वाकून, अगदी तोंडाजवळ तोंड नेऊन, कारण त्यांना कमी ऐकू येतं.

तिसऱ्या दिवशी आईला थंडी वाजून ताप भरला. नाकातला नमुना तपासला, तो इन्फ्लुएंझा निघाला. तुम्हीच आणलात याला पुरावा नाही, कोर्टात सुटाल. पण फ्लूचा विषाणू अंगात शिरल्यावर एक ते चार दिवसांत लक्षणं दिसतात, आणि आई त्याआधी आठवडाभर तिथंच पडून होती. म्हणजे घरून तरी तो आलेला नव्हता. कारखान्याच्या काट्यात मारलेले पाच किलो तुम्ही हुडकून काढता, एवढा हिशेब जमायला हरकत नाही.

‘मला बी ताप आलता, दोन गोळ्या खाल्ल्या, बरा झालो,’ हे तुमचं फोनवरचं उत्तर पोचलं. झालात, कारण तुम्ही उभे आहात. आडवं पडलेलं माणूस, त्यात ऑपरेशनची कळ, श्वास पुरता भरत नाही आणि खोकून कफ बाहेर टाकायला पोटात जोर नाही. वय झालं की शरीराची फौज थकते, साखर वाढलेली असली की आणखी थकते. वर अर्धा जन्म चुलीपुढं धूर खाल्लेली छाती. तुमच्या घशात जो चार दिवस खवखवतो तोच विषाणू तिथं फुप्फुसात उतरतो आणि मागोमाग जिवाणूंचा न्यूमोनिया येतो. त्या आजोबांचं तर विचारूच नका. किडनी गेलेले, केमो चाललेले, स्टिरॉइडवर असलेले, दम्याचे, हृदयाचे, गरोदर बायका, दिवस भरायच्या आत जन्मलेली बाळं : दवाखाना भरलेला असतो तो याच मंडळींनी. ज्यांची प्रतिकारशक्ती पार खालावली आहे अशांच्या अंगातून हे विषाणू कधी कधी कित्येक आठवडे बाहेर पडत राहतात. तुम्ही गावी जाऊन ऊस भांगलता, इकडं एका कॉटवरून दुसऱ्या कॉटवर प्रवास चालूच.

बाळांवरून आठवलं. बाळंतिणीला बघायलाही तुम्ही पहिल्या दिवशी हजर असता आणि बाळाचा मुका घेता. आरएसव्ही नावाचा एक विषाणू आहे. तो धडधाकट मोठ्या माणसाला बहुधा नुसतं सर्दी-पडसं देतो आणि तान्ह्या बाळाच्या बारीक श्वासनळ्या सुजवून टाकतो. बाळाला दूध ओढता येत नाही, बरगड्या आत जातात. तुम्ही तोवर पेढे वाटून मोकळे.

आणि तो कठडा. स्टीलसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर फ्लूचा विषाणू 24 ते 48 तास टिकतो, कापडावर आणि कागदावर 8 ते 12 तास, असं प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. सॅनिटायझरची बाटली कॉटच्या पायथ्याला लटकत होती. हात चोळायला 20 ते 30 सेकंद लागतात. तंबाखू चोळायला तुम्हाला याहून जास्त वेळ लागतो, आणि तो तुम्ही कधी वाचवलेला मी पाहिलेला नाही.

दवाखान्यातच आजार लागतो हे मी रागाच्या भरात काढलेलं नाही. 2003 साली कॅनडातल्या टोरांटोत सार्सची साथ आली, तेव्हा बहुतेकांना ती दवाखान्यातच लागली. रुग्णांना, कर्मचाऱ्यांना आणि, होय, भेटायला गेलेल्यांनाही. 2020 च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या वोक्हार्ट रुग्णालयात 26 परिचारिका आणि तीन डॉक्टर कोरोनाबाधित निघाले आणि अख्खं रुग्णालय प्रतिबंधित क्षेत्र झालं. 2021 च्या जून-जुलैत बाकीचे बहुतेक जिल्हे सावरत होते आणि आपल्या कोल्हापूरचा संसर्गदर खाली यायला तयार नव्हता. ‘जगात भारी कोल्हापुरी’ म्हणून आपण त्यातही मागं राहिलो नाही. तेव्हा दारातूनच हात जोडणारे तुम्ही, दोन वर्षांत सगळं विसरलात. शाहू महाराजांच्या काळात प्लेग आला तेव्हा आपलेच पणजोबा घरदार सोडून माळावर झोपड्या घालून राहिले. त्यांना विषाणू-जिवाणू काही ठाऊक नव्हतं, लांब राहायचं एवढं कळत होतं.

सगळं पाप तुमच्या माथी मारत नाही. पावसाची झड येते म्हणून वॉर्डाच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. नुसत्या वाऱ्यावर चालणाऱ्या वॉर्डात दर रुग्णामागे सेकंदाला 60 लिटर ताजी हवा हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिथं फिनेल आणि दमट चादरींचा वास तेवढा ताजा होता. दोन कॉटमधून ट्रॉली जात नव्हती. वॉर्डबॉय मामा स्वतः फणफणत ड्यूटी करत होते, कारण बदली माणूस मिळत नाही. आणि आपल्याकडं फ्लू पावसाळ्यात चढतो, त्याची लस दरवर्षी पावसाच्या तोंडावर घ्यायची असते. आईला ती कुणी टोचून घेतली नव्हती. तो कुणी म्हणजे मी. पण खिडकी, कॉट, लस यांतलं काहीही स्वतःच्या पायानं जिना चढून आईच्या तोंडाशी आलं नाही. तुम्ही आलात.

का आलात, तेही मला माहीत आहे. दवाखान्यात कोण आलं आणि कोण नाही याची वही आमच्या घरात लिहिली जाते, तुमच्याही. ‘एवढं ऑपरेशन झालं, पण फिरकला नाही’ हे वाक्य पुढच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत निघतं, आणि त्या भीतीनं माणूस तापात उठून येतो. तेव्हा आम्ही हे जाहीर करतो : आमच्या वहीत तुमची हजेरी लागलेली आहे. पुढच्या तीन दुखण्यांची आगाऊ लावतो. फोन केलात तरी ती भेट धरू. व्हिडिओ कॉल केलात तर सहकुटुंब धरू.

आईला आता ऑक्सिजन लागत नाही. डिस्चार्ज पुढं गेला, बिलही गेलं. ती मात्र विचारते, ‘त्याचा खोकला थांबला का गं बाई?’

कळावे, लोभ आहेच. तो तूर्त फोनवर असावा.

आपली,
कॉट नंबर अकराची मुलगी

ता. क. : पांढऱ्या रश्शाचा डबा पोचला. वहिनींनी स्वतः आणून दिला. त्यांनाही कालपासून खोकला आहे म्हणाल्या.