कमांडपंत

कमांडपंत प्रत्येक कचेरीत एक असतात. दोन असले तर भांडणे होतात. ते आयटी विभागाचे नसतात. त्यांचे टेबल बहुधा लेखा किंवा आवक-जावक विभागात असते आणि तिथले काम दुपारनंतर सुरू होते, कारण सकाळ इतरांची ईमेल उघडून देण्यात जाते.

चित्रावर डबल क्लिक करणे पंतांना कमीपणाचे वाटते. विंडोज आणि आर ही बटणे एकदम दाबून ‘रन’ची चौकट उघडायची, प्रोग्रामचे नाव लिहायचे आणि पुढे एखादा स्विच जोडायचा, ही त्यांची रीत. क्लासिक आउटलुक हटून बसले की ‘आउटलुक डॉट ईएक्सई’, एक जागा मोकळी, मग तिरकी रेघ आणि ‘सेफ’. असा उघडताना प्रोग्राम ॲड-इन बाजूला ठेवतो. उघडला, तर संशय ॲड-इनवर. नाही उघडला, तर पंत खुर्ची पुढे ओढतात.

आउटलुकची खिडकीच उघडता येत नाही, अशी तक्रार पडद्यावर आली की त्यांचा हातखंडा उपाय ‘रीसेटनॅवपेन’. डावीकडच्या फोल्डरपट्टीची बिघडलेली मांडणी त्याने नव्याने तयार होते. वर्षानुवर्षे जमवलेले ‘फेव्हरिट्स’ही त्याबरोबर जातात, हे पंत मागाहून सांगतात.

‘‘पंत, माझे वरचे फोल्डर कुठे गेले हो?’’

‘‘मेल उघडली ना? मग?’’

पंतांचे खरे वैभव म्हणजे उपायांची वही. ती वर्डमध्ये असते आणि निम्म्या नामुष्कीचा उगम तिथेच असतो. वर्ड सरळ अवतरणचिन्हे आपणहून वळणदार करते, जोडीने आलेल्या आडव्या रेघांचा लांब डॅश करते. माणसाच्या डोळ्यांना ते सुबक दिसते, प्रोग्रामला ओळखू येत नाही. पंत वहीतली ओळ उचलून डकवतात आणि ‘द कमांड लाइन आर्ग्युमेंट इज नॉट व्हॅलिड’ असा शेरा येतो. पंत तो मोठ्याने वाचतात, पण ऐकत नाहीत. तीच ओळ पुन्हा डकवून एंटर दाबतात, या वेळी जरा जोरात. ओळ हाताने टाइप केली तर काम होते, पण मग वहीचा मान काय राहिला?

हाच शेरा जोडपत्रासह नवी मेल उघडणाऱ्या ‘ए’ स्विचलाही मिळतो. फाइलचे नाव ‘मार्च बिले अंतिम नवीन’ असे ऐसपैस असले, तर तिचा पूर्ण पत्ता अवतरणात हवा. नाहीतर प्रोग्राम पहिल्या मोकळ्या जागेशीच थांबतो. शॉर्टकटच्या ‘टार्गेट’ रकान्यात मात्र अवतरण ‘ईएक्सई’पाशी बंद करून स्विच बाहेर ठेवायचा असतो. पंत सगळेच आत कोंबतात आणि विंडोज नाव अमान्य करते. दोष विंडोजवर जातो.

थंडरबर्डपुढे पंत अधिक गंभीर होतात. ‘ऑलरेडी रनिंग, बट इज नॉट रिस्पॉन्डिंग’ असे तो म्हणतो, तेव्हा पडद्यावर काही नसले तरी मागे त्याची प्रक्रिया बहुधा चालू असते. टास्क मॅनेजरमधून ती बंद करावी. तरीही तक्रार राहिली, तर प्रोफाइल फोल्डरातली ‘पेरेंट डॉट लॉक’ फाइल काढावी. भाडेकरू गेल्यावरही दाराला राहिलेले ते कुलूप. पंतांना हा मार्ग फार सरळ वाटतो. ते आडवी रेघ आणि मोठा ‘पी’ देऊन प्रोफाइल मॅनेजर उघडतात, जुने प्रोफाइल निवडून ‘डिलीट’ दाबतात आणि पुढे ‘डिलीट फाइल्स’ की ‘डोन्ट डिलीट फाइल्स’ या प्रश्नावर क्षणभर थांबतात. त्या क्षणी अख्खा विभाग उभा राहिलेला असतो, कारण पहिल्या बटणाने त्या प्रोफाइलमधली साठवलेली मेलही जाते.

अखेर आयटी विभागातला मुलगा येतो. तो कंट्रोलचे बटण दाबून धरतो, आउटलुकच्या चित्रावर क्लिक करतो, सेफ मोडला ‘हो’ म्हणतो आणि प्रोग्राम उघडतो. पंत चष्मा पुसत म्हणतात, ‘‘हे म्हणजे माउसने झालं.’’ आणि वहीत नोंद करायला जातात.