बजेटात बसणारी रायफल

थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शनिवार जवळ आला की विस्कॉन्सिनमध्ये कामाचं कुणी बोलत नाही. नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो आणि ऑफिसातली निम्मी माणसं रानात जाऊन बसतात. कमरेवरचे निम्मे तरी कपडे भडक नारिंगी असले पाहिजेत, असा कायदा आहे. 2016 पासून भडक गुलाबीही चालतो, पण तो घातलेला बाप्या मी अजून पाहिलेला नाही. पहाटे चार वाजता पेट्रोलपंपावर कॉफीला उभी असलेली ती सगळी नारिंगी मंडळी बघून आपण कुठल्या मोर्चात आलो की काय, असं वाटतं.

यंदा आपणही जायचं असं मी ठरवलं, त्याला कारण घेवडा. बायकोनं परसात हौसेनं लावलेला घेवडा ऐन शेंगा धरण्याच्या वेळी हरणांनी मुळापर्यंत खाल्ला. शेजारचे आजोबा कुंपणावरून म्हणाले, "ते तुझा घेवडा खातात, तू त्यांना खा." मला हा हिशेब पटला. अंगणात गोळी झाडता येत नाही आणि रानातल्या हरणानं आमच्या घेवड्याचं तोंडही पाहिलेलं नसतं, हे मुद्दे नंतर बायकोनं काढले.

आमच्या घराण्यात बंदुकीची परंपरा नाही. कणकवलीजवळच्या आमच्या वाडीत एकच ठासणीची बंदूक होती, तीही शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. मालक वर्षातून एकदा डुकरांच्या दिशेनं बार काढायचा आणि नेम कुणामुळे चुकला यावर वाडी पुढचा महिनाभर बोलायची. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे हरणाकडे बंदूक घेऊन नुसतं बघणंही महागात पडतं. त्यामुळे फोनवर आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मेल्या, थंय जावन ह्या काय आरंभलंस? हरणामागे गेलेल्या रामाचा काय झाला, इसारलंस?" बायकोनं लगेच फोन हातात घेऊन सांगितलं, "आई, मी काही हरीण मागितलेलं नाही. उद्या काही झालं तर रामायण माझ्यावर नको."

तिला वळवण्यासाठी मी 1937 चा पिटमन-रॉबर्टसन कायदा काढला. इथे नव्या रायफलींवर आणि काडतुसांवर 11 टक्के केंद्रीय कर लागतो आणि तो पैसा वन्यजीवांच्या जतनावर खर्च होतो. म्हणजे बंदूक घेणं हे एक प्रकारे हरणांच्याच भल्याचं. ती म्हणाली, "मग तेवढे 11 टक्केच देऊन ये."

आधी शिकारीचा अभ्यासक्रम. इथे 1 जानेवारी 1973 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो पास व्हावा लागतो. माझ्या वर्गात बहुतेक सहावी-सातवीतली पोरं होती. 'प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा, नेमकं काय मारतोय ते आधी पाहा, बोट चापाबाहेर ठेवा' हे चार नियम ती पाढ्यांसारखी म्हणत होती. माझ्या शेजारच्या मुलीनं सुट्टीत माझी चौकशी केली, "तुझी पहिली रायफल कुठल्या कॅलिबरची?" अजून घ्यायचीय म्हटल्यावर तिनं अतिशय समजूतदारपणे मान हलवली. तिची दोनशे त्रेचाळीस विंचेस्टर होती. आजीनं दिलेली.

आणि इथून खरा त्रास सुरू होतो. कॅलिबर हा इथला विषय नव्हे, पंथ आहे. आजोबा थर्टी-थर्टीचे. ते काडतूस 1895 पासून बाजारात आहे आणि त्यानंतर नवं काही निघायची गरज नव्हती, असं त्यांचं मत. ऑफिसातला एक सहकारी थर्टी-ऑट-सिक्सचा. ते 1906 सालचं लष्करी काडतूस, नावातला सहा तिथूनच आलाय. कुणी 1925 च्या टू-सेव्हन्टीचा, कुणी 1952 च्या थ्री-ओ-एटचा. तरुण पोरं 2007 मध्ये आलेल्या साडेसहा मिलिमीटरच्या क्रीडमूरवर जीव टाकतात आणि ते नाव काढलं की आजोबा कॉफी खाली ठेवतात. बिचाऱ्या हरणाला यातला फरक कळण्याइतका वेळ मिळत नाही. शंभर यार्डांवर यांतलं कुठलंही काडतूस पुरतं. फरक पडतो तो झाडणाऱ्याच्या खांद्याला. थर्टी-ऑट-सिक्सचा दणका दोनशे त्रेचाळीसच्या साधारण दुप्पट बसतो.

गोळीचं वजन ते 'ग्रेन'मध्ये सांगतात. थर्टी-ऑट-सिक्सची एक नेहमीची गोळी 180 ग्रेनची. मी घरी येऊन हिशेब केला आणि थक्क झालो, कारण इंग्रजांनी 1833 मध्ये आपला तोळा ठरवला तोही बरोबर 180 ग्रेनचाच. म्हणजे दर बारामागे एक तोळा ऐवज हवेत. हे मी घरात बोलायला नको होतं, कारण त्या दिवसापासून बायको काडतुसांचा भाव सोन्याच्या भावाशेजारी लिहून ठेवते.

दुकानात विक्रेत्यानं आधी भिंतीवरच्या अक्रोडाच्या दस्त्यांकडे बोट केलं. मी मान खाली घालून कोपऱ्यातल्या काळ्या प्लॅस्टिककडे वळलो. सॅव्हेजची ॲक्सिस, रूगरची अमेरिकन, मॉसबर्गची पेट्रियट. नव्या कोऱ्या रायफली, काहींवर दुर्बीणही बसवलेली, आणि भाव चारशे-पाचशे डॉलरच्या घरात. यांना हात लावला की दस्ता पोकळ वाजतो, बोल्ट ओढला की जरा खरखरतो. पण नेम? तो चोख. याचं मला नवल वाटलं, म्हणून खोदून विचारलं. रायफलीत पूर्वी महाग असायचा तो कारागिराचा वेळ. नळी नेमकी बसवायला त्याला कानस घासत बसावं लागे. सॅव्हेजनं 1958 च्या मॉडेल 110 मध्ये नळीला एक नट लावला. नळी फिरवून मापाला आणायची, नट आवळायचा, झालं. दस्ता साच्यातून निघतो. त्यामुळे स्वस्त रायफलीत कपात झालीय ती दिसण्यात, नळीत नाही. हे ऐकल्यावर माझी पसंती ठरली. डोळ्यांना चांगलं दिसण्यासाठी जास्तीचे आठशे डॉलर मोजायला मी काही ती दिवाणखान्यात टांगणार नव्हतो.

विक्रेत्यानं हार मानली नाही. "हरणाला ही पुरेल," तो म्हणाला, "पण उद्या एल्क मारावासा वाटला तर?" आमच्या गावापासून एल्कची खरी शिकार करायची तर रॉकी पर्वतापर्यंत जावं लागेल. तरी क्षणभर माझं मन डळमळलं. जे आपण करणार नाही त्याच्यासाठी आज जास्त पैसे मोजावेत, असं वाटायला लावणं हीच तर खरी विक्रीकला.

अखेर मी थ्री-ओ-एट घेतली. काडतुसं कुठेही मिळतात आणि खांदा जागेवर राहतो, एवढंच कारण. मग केंद्र सरकारचा 4473 क्रमांकाचा अर्ज. उंची, वजन, वंश लिहा. तुम्ही फरारी आहात का? अमेरिकेचं नागरिकत्व तुम्ही कधी सोडलंय का? माझ्यासारख्या ग्रीन कार्डवाल्याला ते अजून मिळालेलंच नाही, तर सोडायचं कुठून! माझ्या एका मित्राचा किस्सा याहून मजेदार. तो एच-वन-बीवर आहे आणि त्या व्हिसावर बंदूक बाळगायला एरवी बंदी. पण शिकारीचा वैध परवाना खिशात असेल तर चालतं. म्हणजे कायद्याच्या मते परक्या देशात आलेला सॉफ्टवेअरवाला संशयास्पद; तोच हरणामागे लागलेला असेल तर भला माणूस.

नेम बसवायला आजोबांनी मला रेंजवर नेलं. थर्टी-ऑट-सिक्स पुरेशी वाटेना म्हणून यंदा थ्री हंड्रेड मॅग्नम घेतलेला आमचा सहकारीही आला होता. आजोबांची एक खोड आहे. ते स्वतः काडतूस भरून रायफल हातात देतात आणि मधूनच, न सांगता, रिकामं काडतूस सरकवतात. सहकाऱ्यानं मोठ्या थाटात गाल टेकवला, श्वास रोखला, चाप ओढला. नुसता 'टक' असा आवाज झाला आणि नळी एकदम वीतभर खाली गेली. दणका येणार म्हणून हात आधीच दचकले होते. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी एक दोनशे त्रेचाळीस पिशवीतून काढली आणि त्याच्यापुढे ठेवली. सकाळभर तो बारा वर्षांच्या मुलांच्या कॅलिबरनं झाडत बसला आणि दुपारी त्याच्या गोळ्या कार्डाच्या मधोमध पडू लागल्या. मॅग्नम त्यानं अजून विकलेली नाही. तिच्याबद्दल बोलायला त्याला आवडतं.

पैसे लागलेच तर इथे लागावेत, असं माझं मत झालंय: रेंजवरच्या काडतुसांत आणि दुर्बिणीत. दुर्बिणीचा एक 'क्लिक' नेम शंभर यार्डांवर पाव इंच सरकवतो. स्वस्तातली दुर्बीण कधी सरकवते, कधी विचार करते.

रायफल स्वस्तात पडली, हे मी घरी जाहीर केलं. बायको हिशेबनीस आहे. तिनं वही उघडली. रायफल, दुर्बीण, कुलूपबंद कपाट, नारिंगी जाकीट, बूट, परवाना, काडतुसं आणि खाटकाची मजुरी. हे सगळं चाळीस-पन्नास पौंड मटणावर भागलं तर पौंडाचा भाव काय आला, हे तिनं मला मोठ्यानं वाचायला लावलं. मी घसारा धरायला सांगितलं. तीस वर्षांचा घसारा धरल्यावर भाव कोल्हापूरच्या मटणाच्या जवळपास आला. ती कोल्हापूरची, त्यामुळे नरमली.

"पण ठेवणार कुठे?" तिनं विचारलं.

आमच्या फ्रीझरमध्ये सुरमई, खोवलेला नारळ, आईनं पाठवलेला मालवणी मसाला आणि दोन वर्षांपूर्वीच्या पुरणपोळ्या आहेत. तिथे हरणाची एक तंगडीही मावणार नव्हती. म्हणून हंगामाआधीच्या रविवारी आम्ही डीप फ्रीझर बघायला गेलो. मी सगळ्यात लहान, सगळ्यात स्वस्त फ्रीझरपाशी जाऊन उभा राहिलो. विक्रेता आला, माझ्या नारिंगी टोपीकडे त्यानं पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "हरणाला हा पुरेल. पण उद्या एल्क मिळाला तर?"

मी बायकोकडे पाहिलं. ती मोठ्या फ्रीझरचं झाकण उघडून आत वाकली होती.