पत्तीपाण्याचे गुरुजी

खकनारात गुरुजींच्या घरी पाणी मागू नये. चहा मागावा. तो मिळत नाही, पण निदान नकार तरी झटपट मिळतो. पाणी मागितलं की गुरुजींचे डोळे लकाकतात आणि ते विचारतात, "कोणतं?"

माणूस बिचारा देडतलाईहून भर उन्हात मोटरसायकल हाकत आलेला असतो. त्रेचाळीस डिग्री डोक्यावर, तोंडात धूळ. त्याला पाण्याचे प्रकार असतात हेच ठाऊक नसतं. तो म्हणतो, "साधंच द्या." इथे तो फसतो.

"साधं पाणी केळीला," गुरुजी म्हणतात, "माणसाला पत्तीचं."

मग समोर काचेचा मोठा जग येतो. त्यात तळाशी पुदिना, मध्ये गवती चहाची गाठ मारलेली पात, वर तरंगणारी तुळस, आणि या सगळ्यांच्या अंगाखांद्यावर खेळणारा भिजलेला सब्जा. पाहुणा आधी जगाकडे बघतो, मग काकूंकडे. काकू नजर चुकवतात. एकदा पुतणीला बघायला नेपानगरहून मंडळी आली होती. मुलाच्या आजोबांनी ग्लास उजेडात धरला, बराच वेळ निरखला आणि मुलाला हळूच म्हणाले, "बेडकाची अंडी दिसतात रे." लग्न झालं. पण पुतणीच्या सासरी अजून गुरुजींचा उल्लेख 'ते पाण्यातले' असा होतो.

हा नमुना खकनारपुरता नाही. सरकारी शाळेतून निवृत्त, पेन्शन बँकेत, मुलगा इंदूर किंवा पुण्यात, गुडघे शाबूत आणि हातात मोबाइल, एवढं साहित्य जमलं की कुठल्याही गावात असा माणूस आपोआप तयार होतो. पूर्वीही तो होताच. तेव्हा तो होमिओपॅथीच्या गोळ्या वाटायचा, पुढे गव्हांकुराचा रस आला, मग कोरफड. मोरारजीभाईंच्या काळात तर अशा माणसाकडे काही प्यायच्या आधी ते कशाचं आहे याची चौकशी करून घेणं शहाणपणाचं असे. त्या मानाने पुदिना म्हणजे फारच सभ्य प्रगती.

गुरुजींची बाग परसात आहे. बाग हा त्यांचा शब्द. तेलाचे कापलेले डबे, एक फुटकी पाण्याची टाकी, आणि मोरीचं पाणी जिथे जातं तिथे माजलेला पुदिना. पुदिन्याला ओल लागते आणि मोरीइतकी भरवशाची ओल या भागात मे महिन्यात दुसरीकडे नसते. त्याच्या पलीकडे गवती चहाचं भलंमोठं बेट, त्याला हात लावला की पात कापते. पानओवा, कढीपत्ता, आलं, एक गावठी गुलाब. कुंपणाशी वाळा लावलाय. तो मुळासाठी लावायचा असतो, म्हणजे वर्ष-दीड वर्ष थांबायचं. पण गुरुजींचा धीर दर महिन्याला सुटतो, आणि ते वाळा उपटून मुळं किती झाली ते बघतात. अशा परीक्षांना त्यांची चाळीस वर्षांची मुलंसुद्धा पुरून उरली नाहीत, तिथे वाळ्याचं काय.

सकाळी साडेपाचला त्यांच्या परसातून टाळ्या ऐकू येतात. नवे भाडेकरू आधी आरती समजून हात जोडायचे. ती आरती नसते. गुरुजी पुदिन्याची जुडी तीन वेळा धुतात, एकेक पान देठावरून खुडतात, चार-पाच पानं तळहातावर ठेवतात आणि दुसऱ्या हाताने त्यांवर एकच टाळी मारतात. पान कुस्करायचं नाही, चिरायचं नाही, फक्त दचकवायचं. यात शास्त्र आहे हे मान्य केलं पाहिजे. पुदिन्याचं तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक ग्रंथींमध्ये असतं. टाळीने त्या फुटतात, वास मोकळा होतो, आणि पान चेचलं न गेल्यामुळे पाण्याला गवताळ कडवटपणा येत नाही. शहरातले सरबतवाले आणि बारवालेही असंच करतात. हे मी गुरुजींना सांगितलं नाही. बारवाल्यांशी नाव जोडलं गेलं असतं तर त्यांनी एक चांगली पद्धत फुकट सोडली असती.

गुरुजींचा युक्तिवाद दोन खांबांवर उभा आहे: चरक आणि नोबेल. चरकाचं नाव ते कशालाही लावतात. काकडीची चकती पाण्यात टाकली तरी चरक. चरकसंहितेत औषधी पाणी आहे हे खरंच. षडंगपानीय म्हणतात त्याला: नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुगंधी वाळा आणि सुंठ अशी सहा द्रव्यं पाण्यात उकळून, गाळून, गार करून द्यायची. पण ते तापाने फणफणलेल्या, तहानेने व्याकूळ झालेल्या रोग्यासाठी सांगितलंय, सकाळी फिरून आलेल्या पेन्शनरासाठी नाही. शिवाय त्या सहांत पुदिना नाही, सब्जा नाही आणि काकडी तर नाहीच नाही. हे कुणी दाखवून दिलं की गुरुजी म्हणतात, "चरकाला आमच्या मोरीवरचा पुदिना मिळाला असता तर त्याने सातवं घातलं असतं."

नोबेलचं मात्र त्यांनी कुठूनतरी अचूक उचललंय. पुदिन्याचं पाणी गार लागतं, पण ते गार झालेलं नसतं. आपल्या तोंडातल्या आणि कातडीतल्या मज्जातंतूंवर थंडी ओळखणारी एक यंत्रणा असते, पुदिन्यातलं मेंथॉल नेमकं तिलाच चाळवतं, आणि मेंदूला खबर जाते की गारवा आला. 2002 साली डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापौटियन या दोघांनी वेगवेगळं काम करत मेंथॉलच्याच मदतीने ती यंत्रणा शोधली. पुढे 2021 साली तापमान आणि स्पर्शाच्या जाणिवेवरच्या संशोधनासाठी दोघांना मिळून नोबेल मिळालं. गुरुजींच्या तोंडून हे असं येतं: "पुदिन्याला नोबेल मिळालंय." मग ते फ्रिजकडे तुच्छतेने बघतात. काकूंचं यावर मत असं की एवढं सगळं जर जिभेला फसवण्यासाठीच असेल तर वीस वर्षं आपण उगाच डाळीत मीठ मोजत बसलो.

काकूंबद्दल सांगायलाच हवं, कारण या सगळ्या प्रयोगशाळेचं पाणी त्या भरतात.

सुरुवातीला गुरुजींनी तांब्याच्या घागरीत लिंबाच्या फोडी आणि पुदिना रात्रभर ठेवला होता. तांबं आरोग्याला चांगलं, लिंबू चांगलं, म्हणजे दोन्ही मिळून दुप्पट चांगलं, असा गणिताच्या मास्तराला शोभेल असा हिशेब. सकाळी घरभर सगळ्यांना मळमळ. जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव. आंबट पदार्थ तांब्यात ठेवला की तांबं त्यात उतरतं, म्हणून तर ताक आणि लोणचं कलईशिवाय तांब्यापितळेत ठेवत नाहीत. काकूंनी घागरीची आतली बाजू बघितली, ती कधी नव्हे इतकी लखलखत होती, आणि म्हणाल्या, "लिंबानं तांबं मी घासते. तुमी ते धुणं पिता काय?" तेव्हापासून जग काचेचा.

तुळशीवरूनही त्यांचं जुंपतं. द्वादशीला तुळस खुडायची नाही, रविवारी खुडायची नाही, तिन्हीसांजेनंतर तर हातही लावायचा नाही, हे काकूंचे कायदे. गुरुजींची शरीरशुद्धी त्यामुळे पंचांग बघून चालते. रविवारी खकनारातल्या पेन्शनरांच्या शरीरात विषं साचली तर साचू द्यावीत, सोमवारी बघू. तसंही ती विषं गुरुजींच्या जगाची वाट बघत बसत नाहीत. यकृत आणि मूत्रपिंडं सुट्टी न घेता ते काम करत असतात, त्यांना हवं असतं ते पुरेसं पाणी, त्यात काय तरंगतंय याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं. चार पानांतून उतरणारी जीवनसत्त्वं तर शेजारच्या भाजीवाल्याच्या एका पेरूपुढे लाजतील. पण वासाच्या निमित्ताने माणूस दोन ग्लास जास्त पितो, आणि निमाडच्या उन्हाळ्यात ही काही लहान गोष्ट नाही. गुरुजींचं मूतखड्याचं दुखणं पुन्हा उपटलेलं नाही. श्रेय पुदिन्याला. पाण्याला नाही.

संध्याकाळपर्यंत जगातली पानं काळपट, बुळबुळीत होतात. एवढ्या उकाड्यात कापलेला पाला दिवसभर पाण्यात ठेवला तर दुसरं काय होणार. तो सकाळीच ठेवून, तासाभराने गाळून प्यावा किंवा फ्रिजमध्ये ठेवावा. गुरुजी म्हणतात, "मुरलंय." काकू ते मुरलेलं कढीपत्त्याला घालतात. गावात सगळ्यात शुद्ध शरीर त्या कढीपत्त्याचं आहे.

खरं सांगायचं तर या माणसाला जन्म दिला नळाने. खकनारचा बुऱ्हाणपूर जिल्हा 2003 साली खंडव्यातून वेगळा झाला. 2019 च्या ऑगस्टमध्ये इथल्या ग्रामीण भागात शंभरातल्या 36-37 घरांतच नळाचं पाणी होतं. 22 जुलै 2022 ला हाच जिल्हा देशातला पहिला प्रमाणित 'हर घर जल' जिल्हा ठरला, 254 गावांसकट. त्याआधी काकू हातपंपावरून आणायच्या, डोक्यावर दोन हंडे, कमरेवर कळशी. त्या काळात गुरुजींनी पाण्यात गुलाबपाकळी टाकून बघितल्याचं कुणाला स्मरत नाही. डोक्यावरून आलेलं पाणी माणूस सजवत नाही, प्यायचं तेवढं पितो आणि उरलेलं झाकून ठेवतो. नळ आल्यावर काकूंची पाठ मोकळी झाली आणि गुरुजींचं डोकं.

पाण्याचा अभिमान मात्र या जिल्ह्याला जुना. गुरुजी पाहुण्यांना बुऱ्हाणपूरला कुंडी भंडारा दाखवायला नेतात. 1615 च्या सुमाराला, अब्दुल रहीम खानखानाच्या अमदानीत, सातपुड्याच्या पायथ्याचं झिरपतं पाणी भुयारातून, कुठलंही यंत्र न लावता, नुसत्या उताराने शहरात आणलं. वर ओळीने कुंड्या दिसतात, एका कुंडीतून खाली उतरलं की पायाशी काचेसारखं पाणी आणि भिंतींवर चुन्याचे थर. सगळे लोक गप्प होऊन बघतात. गुरुजी त्या थरांवरून बोट फिरवतात आणि म्हणतात, "बघा, खनिजं मुरवलेलं पाणी. रहीमला कळत होतं." चारशे वर्षांपूर्वीचा सुभेदार आपल्या पंथात ओढून घेतल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर बुऱ्हाणपूरच्या मावा जिलेबीपर्यंत टिकतं. जिलेबी ते चार खातात. तिला चरकाची हरकत नसते.

मध्यंतरी त्यांना वाटलं, खरं ज्ञान जंगलात असणार. आठवडी बाजारात मोहफुलं आणि चारोळी विकायला बसलेल्या एका कोरकू आजींसमोर ते वही घेऊन उकिडवे बसले. "माई, आप लोग पानी में क्या डालते हैं?" आजींनी थोडा विचार केला. प्रश्न सरकारी वाटला असावा. मग म्हणाल्या, "लोटा." गुरुजींनी वहीत ते लिहून घेतलं की नाही हे कळलं नाही. चारोळी मात्र पाव किलो घेतली.

त्यांच्या सगळ्या विद्येला घरातच पूर्वज आहेत, हे त्यांना यंदाच्या आखाजीला कळलं. खानदेशासारखी आपल्याकडेही अक्षय तृतीयेला पितरांची घागर भरतात. नवी मातीची घागर, वर खरबूज, शेजारी आंबा, नैवेद्याला सांजोऱ्या, आणि पाण्यात वाळ्याची जुडी. काकूंनी दर वर्षीप्रमाणे वाळा टाकला. गुरुजी बघतच राहिले. "म्हणजे पितरांना तू हे आधीपासून देत होतीस?"

"हो. ते कधी साधं मागत नाहीत."

त्या उत्साहात गुरुजींनी स्टँडजवळ प्याऊ सुरू केली. निंबाखाली दोन रांजण, एकावर 'सादा पानी', दुसऱ्यावर 'औषधी पत्ती-जल' अशी पाटी. सोबत रजिस्टर. चाळीस वर्षं हजेरी घेतलेला माणूस रजिस्टरशिवाय पुण्यही करत नाही. पहिले काही दिवस साधा रांजण दुपारीच तळाला जायचा आणि पत्तीचा जसाच्या तसा. केळीच्या बागांवरून येणारे मजूर घटाघट साधं प्यायचे, ड्रायव्हर बाटल्या साध्याने भरायचे. गुरुजी खचले नाहीत, त्यांनी पुदिना वाढवला. आणि खरंच, आठवड्यात चित्र पालटलं. पत्तीचा रांजण आधी संपू लागला. गुरुजी रजिस्टर घेऊन घरी आले, आकड्यांखाली लाल रेघ मारून काकूंपुढे ठेवलं.

काकू दोन्ही वेळेला रांजण भरायला जात असल्यामुळे त्यांना आकड्यांमागची माणसं माहीत होती. "अवो, ते पीत नाहीत," त्या म्हणाल्या. "गुटखा थुंकला की चुळा भरतात त्यानं. तोंडाचा वास जातो म्हणे."

गुरुजी थोडा वेळ रजिस्टरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मुखशुद्धीसुद्धा चरकात आहे."

"मग तो रांजण नालीच्या बाजूला सरकवा," काकू म्हणाल्या. "बाकड्यापाशी चिखल होतो."