रोलवाले दाजी

फोनमध्ये दहा हजार फोटो साठले की काही माणसांना वैराग्य येतं आणि ती रोलचा कॅमेरा घेतात. अशी माणसं हल्ली वाढली आहेत. आमच्या घरात ही जागा दाजींनी पटकावली. दाजी एका पतसंस्थेत वसुली बघतात. जिल्ह्याचं अहिल्यानगर झालं तरी त्यांच्या तोंडी अजून नगरच, म्हणजे नव्याची ओढ असलेला माणूस नव्हे. पुण्याच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक झोर्की-४ उचलला आणि त्या दिवसापासून ते आमच्याशी जरा हळू आवाजात बोलू लागले.

झोर्की म्हणजे लायकाची रशियन मावसबहीण. नाकीडोळी तीच, फक्त हाडापेरानं दणकट. लायका कॅमेरा १९२५ साली बाजारात आला, रशियनांनी त्याची नक्कल केली आणि त्या नकलेच्या घराण्यातला हा झोर्की. दाजींना हे सगळं तोंडपाठ. छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँनं १९४८ साली गांधीजींच्या अंत्ययात्रेचे फोटो काढले, हे त्यांनी संगमनेरच्या हॉटेलात मिसळ येईपर्यंत सांगितलं, आणि मिसळ आल्यावरही.

मे संपत आला होता, काजव्यांचे दिवस. आम्ही भंडारदऱ्याला चाललो होतो. दाजींनी स्वतःचा फोन तत्त्वासाठी घरी ठेवला होता. मात्र झोर्कीत उजेड मोजायची सोय नसते आणि उजेड मोजणारं अ‍ॅप ताईच्या फोनमध्ये होतं. त्यामुळे दर दहा मिनिटांनी, "अगं, फोन दे जरा." शिवाय त्यांच्या थकबाकीदारांचे फोनही तिलाच येत होते. राजूर येईस्तोवर ताईला निम्मी थकबाकी पाठ झाली होती.

रोल छत्तीस फोटोंचा. रोल, धुणं आणि स्कॅन धरून एक फोटो पन्नास रुपयांच्या आसपास पडतो, असा दाजींचा हिशेब. एरवी हा माणूस चहाचे पैसे दुसऱ्याला देऊ देत नाही. इथे मात्र पोरांनी "काका, आमचा एक!" म्हटलं की ते जामीनदार कोण, असं विचारल्यासारखे बघत. खिशात छोटी वही. तीत फोटोचा नंबर, छिद्र, वेग, अंतर असे रकाने आखलेले.

या कॅमेऱ्यात डोळा लावायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं. भिंगावर टोपण असलं तरी खिडकीतून जग लख्ख दिसतं आणि माणूस खुशाल काळा फोटो काढत राहतो. बरं, टोपण काढून ठेवावं, तर आतला पडदा कापडाचा. भिंगातून ऊन एका जागी पडलं तर त्याला भोक पडू शकतं. म्हणजे टोपण घातलं तर फोटो जातो आणि काढलं तर कॅमेरा! दाजींनी यावर मधला मार्ग काढला. टोपण हातात धरून ते भिंगावर तळव्याची सावली करत चालायचे. लोकांना वाटायचं, हातात कापूर पेटलेला आहे.

शेंडी गावाच्या पुढे रस्त्याकडेला एक बाई पळसाच्या द्रोणांत करवंदं विकत होती. दाजींना चित्र दिसलं. त्यांनी परवानगी मागितली, तिनं हसून दिली. ताईचा फोन हातात आला, उजेड मोजला गेला. झोर्कीत आधी रोल पुढे ओढून खटका चढवायचा आणि मगच वेगाची चकती फिरवायची. उलट केलं तर यंत्र बिघडतं. "आधी पिळा, मग वेग," असं पुटपुटत दाजींनी ते केलं. मग अंतर. तेवढ्यात नाशिककडची एक गाडी थांबली आणि सगळे द्रोण घेऊन गेली.

"दादा, पाटी रिकामी झाली. आता कशाचा काढता?"

दाजींनी रिकाम्या पाटीचा काढला. वहीत नोंदही केली.

भंडारदऱ्याचं प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. ते बांधणाऱ्यांची चिकाटी मला रतनवाडीत नीट समजली. अमृतेश्वराच्या देवळासमोर दाजींच्या आईंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "माझा एक चांगला काढ रे. पुढंमागं भिंतीवर लावायला होईल."

आईला नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. खिडकीच्या मधोमध एक पिवळट भाग असतो, त्यात माणूस दुहेरी दिसतो. भिंगाची कडी फिरवत दोन्ही आकृत्या एकमेकींवर आणायच्या. दाजींनी आईंचा चष्मा धरला. चार काचांच्या दोन काचा करायच्या होत्या. तीन झाल्या, परत चार झाल्या. मध्येच ढग आला, म्हणून पुन्हा ताईचा फोन.

"काढतोस का नाही? मान अवघडली माझी."

"आई, हलू नकोस. दोन काचा झाल्यात."

"माझ्या पहिल्यापासून दोनच आहेत!"

रात्री काजव्यांसमोर सगळ्यांनी दिवे, फोन बंद केले. झाडं विझत होती, पेटत होती. दाजींनी झोर्की गाडीच्या बॉनेटवर ठेवून पडदा उघडा धरला आणि त्याच बॉनेटला टेकून पोरं उड्या मारत काजवे बघत राहिली.

महिन्याभरानं फोटो आले. देवळाचे खांब सुरेख आले होते. निम्म्या रोलभर खांबच होते. ताई एकाही फोटोत नव्हती. काजव्यांच्या फोटोत अंधार हलला होता. आईंचा फोटो मात्र इतका नेमका, की लुगड्याच्या काठाचा धागा न् धागा मोजून घ्यावा. आईंनी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"डोळे मिटलेत माझे," त्या म्हणाल्या. "हार घालायची एवढी घाई झालीय का तुला?"

दाजी काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून वही काढली, पट्टी मागितली आणि अंतराच्या शेजारी 'डोळे' असा आणखी एक रकाना आखला.